सुपडूच्या ट्रम्पेटमागचा दात

"डाक्टर, काढी टाका तो दात. नवा बसाडा. मन्ही कवळी देखा, कधी दुखस का?" बँडमालक रज्जाकचाचा म्हणाले.

खुर्चीत त्यांचा ट्रम्पेटवाला सुपडू तोंड उघडून छताकडे बघत होता. नंदुरबारची दुपार. पडद्यातून आलेल्या उन्हात धूळ संथ तरंगत होती.

गेल्या लग्नसराईत वरातीत घोडी बिथरली. तिच्या मानेचा धक्का ट्रम्पेटला बसला आणि पितळ सुपडूच्या समोरच्या दातावर आदळलं. चाचांनी लवंग दिली. वरात पुढे सरकली. दुखणं थांबलं तसे दोघंही विसरले. आता दात करडा पडला होता, जरासा हलतही होता.

मी एक्स-रे उजेडावर धरला. मुळाच्या कडेला वाटीसारखे खड्डे, शेजारच्या हाडातही काळी सावली. जणू चंद्रच कुणी कडेने कुरतडला होता.

"याला रिसॉर्प्शन म्हणतात. मार लागल्यावर कधीकधी शरीरच दाताचं मूळ खातं."

"पन माले काहीच दुखस नही," सुपडू म्हणाला.

"म्हणूनच कळत नाही."

याचे तीन प्रकार. वरवरची झीज आपोआप भरते. आतली नस मरून जंतू वाढले, तर मूळ झपाट्याने झिजतं. पण रूट कॅनल करून ते थांबवता येतं. तिसऱ्यात मूळ हाडाला चिकटतं आणि हाड हळूहळू त्याची जागा घेतं. ते थांबवता येत नाही. असा दात ठोकला की धातूसारखा खणखणतो.

आरशाच्या दांड्याने मी आधी शेजारचा दात ठोकला, मग हा. चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

"दोन्ही सारखाच बोलतस."

मलाही तसंच वाटलं. गारठवलेला कापूस दाताला लावला; जिवंत नसेला तो झोंबतो. सुपडूला काही जाणवलं नाही. नस मेलेली. म्हणजे दुसरा प्रकार.

"दात वाचेल. पण पितळ दाबलं तर तो आणखी हलेल. मी सांगेपर्यंत ट्रम्पेट बंद."

सुपडूचा चेहरा उतरला. "मन्ही जागा दुसरा कोनी लई."

"काढी टाका ना मंग!" चाचा म्हणाले.

"नाही काढणार. गरिबाचा दात दिसला की आधी पक्कड उचलायची, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. वरात तुमची, चाचा; दात त्याचा."

चाचा फणकारले. "बरं! हाऊ सुपडू खुळखुळा वाजाडी. ट्रम्पेट मी फुकस."

मी रूट कॅनल साफ करून आत कॅल्शियमची पेस्ट भरली.

पहिल्याच वरातीत सूर चढला आणि चाचांची कवळी सुटली. दुसऱ्या दिवशी ती रुमालात घेऊन ते आले. "सुपडूना दात वाचाडा, डाक्टर. त्यानी जागा कोनलेच देत नही."

काही महिन्यांनी एक्स-रेत काळी सावली विरली होती. मूळ आणखी झिजलं नव्हतं. मग पक्की भरणी केली आणि सुपडूची ट्रम्पेटबंदी उठवली.

आता संध्याकाळी खिडकीतून कुठल्यातरी वरातीचा लांब, स्वच्छ सूर येतो आणि मी हातातलं काम थांबवतो.

दाताला मार लागला तर एक्स-रे काढा. दुखत नसेल, तर नक्कीच.