विमान परत येऊ नये म्हणून

विमानदुरुस्तीच्या आमच्या शेडमध्ये मावशीला सगळेच मावशी म्हणत, वयानं मोठा असलेला मीसुद्धा. सख्खी भाची मात्र एकच, आणि ती वैमानिक. आई गेल्यावर पोरीला मावशीनंच वाढवलं. त्यापायी तिचा स्वतःचा संसार राहून गेला, पण त्यावर कुणी अवाक्षर काढलेलं तिला खपत नसे.

मावशीचं काम विमानाच्या शेपटीखालच्या हुकाचं. विमानवाहू जहाजावर धावपट्टी म्हणजे टीचभर जागा, नुसत्या ब्रेकनं विमान थांबणं अशक्य. म्हणून डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. उतरताना हूक खाली सोडायचा. त्यात तार अडकली की ती डेकखालच्या यंत्रातून ओढली जाते आणि विमानाचा वेग खाऊन टाकते. हूक आपटून उडू नये म्हणून तेलाचा एक दट्ट्या त्याला खाली दाबून धरतो. आणि चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन कमी करत नाही, उलट पूर्ण जोरात सोडतो! तार निसटलीच तर पुन्हा उडता आलं पाहिजे, नाहीतर पुढे समुद्र.

भाचीची तार दोनदा निसटली. दोन्ही वेळा ती तशीच उडून किनाऱ्यावरच्या आमच्या धावपट्टीवर परत आली. तिसऱ्यांदा तसंच झालं, तर जहाजावरचं उड्डाण कायमचं बंद. "दट्ट्या ढिला असणार," असं जो तो म्हणू लागला. मीही त्यातलाच. तसं ठरलं असतं तर पोरीच्या दोन्ही चुका पुसल्या गेल्या असत्या.

मावशीनं दाब मोजला, तो ठीक निघाला. मग हुकाचं टोक उजेडात नेऊन पाहिलं. उड्या मारणाऱ्या हुकाचं टोक ठेचलेलं असतं. इथे ताजा ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे हूक तारांपाशी डेकला शिवलाच नव्हता.

भाची दारातच उभी होती.

"हूक ठणठणीत आहे," मावशी म्हणाली. "शेवटच्या क्षणी डेक बघायला तू नाक खाली घालतेस. नाक खाली गेलं की शेपटी वर, आणि हूकही वर."

"मावशी, एवढं माझ्यासाठी अहवालात लिही ना, दट्ट्या ढिला म्हणून."

"तुझ्यासाठीच लिहीत नाहीये."

पोरगी पाय आपटत निघून गेली. मी भडकलो. "अगं, स्वतःच्याच पोरीच्या पोटावर पाय देतेस?"

"खोट्यावर उडवली तर पोट भरायला ती उरेल का?" असं म्हणून तिनं तोच हूक परत बसवला, प्रत्येक बोल्ट स्वतः आवळून.

दुसऱ्या दिवशी भाची पुन्हा जहाजावर उतरायला उडाली. आम्ही शेडबाहेर आभाळाकडे बघत थांबलो. विमान परत येताना दिसलं की समजायचं, तार निसटली. आपली पोर घरी येऊ नये म्हणून देवाला साकडं घालायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. न येण्याचा दुसराही एक अर्थ होता, तो आम्ही दोघांनीही तोंडातून काढला नाही.

"बस की जरा," मी म्हटलं.

"उभीच बरी."

शेवटी फोन वाजला. उचलायला माझा हात धजेना. तिनंच उचलला. पलीकडे पोरगी इतकी ओरडत होती की मलाही स्वच्छ ऐकू येत होतं.

"दुसरी तार पकडली, मावशी! नाक नाही हलू दिलं!"

"हं. जेवलीस का?"

"मावशी, आज निसटली असती तर?"

"तर तुला पोटाशी धरून रडले असते. लिहिलेलं बदललं नसतं."

तिनं फोन ठेवला, आणि इतका वेळ ताठ उभी असलेली ती बाई तिथेच फरशीवर बसून हमसाहमशी रडली.