बिनगळाचा दोरा

"तुम्हाला तर माहीतच असेल, वहिनी," असं म्हणूनच ते सुरुवात करायचे, आणि पुढे जे सांगायचे ते मला कधीच माहीत नसायचं. विषय माझ्याच नवऱ्याचा असायचा.

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. केळीच्या बागांवरून आलेल्या जळक्या मोटारी दारात ओळीनं पडलेल्या असत. तांब्याच्या तारेचे वेढे घालत, मान वर न करता ते बोलत. बोटं काळी, शर्ट मात्र पांढराशुभ्र. तुमच्याही गल्लीत असं एखादं दुकान असेल, जिथे काम नसलेली माणसंच जास्त बसलेली असतात.

माझे यजमान कागद कारखान्यात नोकरीला होते. रोज रेल्वेनं जाऊन येऊन. घरी बोलणं बेताचं. मीही शाळेत शिकवून आले की पुस्तक उघडून बसणारी. घरात शांतता असे, आणि ती आम्हा दोघांची आहे असं मी धरून चालले होते. रविवारी सकाळी मात्र खिडकीच्या गजावर त्यांची पक्कड वाजे. एकदाच. हाक नाही, काही नाही. हातातला चहा तसाच ठेवून हे उठत.

धूलकोटच्या रस्त्यावरून आत गेलं की एक लहानसं तळं आहे. नाव घ्यावं एवढं मोठं नाही. बाभळीखाली दोन सपाट दगड, दगडांपुढे मातीत रोवलेली दोन लाकडी बेचकी, त्यांवर टेकवलेल्या दोन काठ्या, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या दोन काड्या. काडी बुडाली की मासा लागला. एवढंच ते सगळं. एवढ्यासाठी माझे सगळे रविवार गेले.

पावसाळ्यात शेतांतलं लाल पाणी तळ्यात उतरे, आणि त्या तोंडाशी मासे झुंबड करत. त्या दिवसांत दोघं घोट्यापर्यंत चिखल घेऊन येत आणि अंगणात एकमेकांना हसत उभे राहत. थंडीत पाण्यावर धुकं असे. मासे सुस्त, माणसं त्याहून सुस्त. वाटेत घेतलेली मावा जिलेबी खात पाठीवर ऊन घ्यायचं, एवढाच उद्योग. त्यातली उरलेली, गार झालेली जिलेबी माझ्या वाट्याला येई. उन्हाळ्यात पाणी मागे सरके, तशी बेचकी पुढे पुढे जात. "वहिनी, तळं पळू राहिलं आणि आम्ही त्याच्या मागं मागं," ते सांगत. हे नुसते मान डोलावत. सांगण्यासारखं सगळं तिथेच सांगून झालेलं असे.

श्रावणाची गोष्ट सगळ्यात न्यारी. बुऱ्हाणपुरात श्रावण दोनदा लागतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. हिंदी घरांतला सावन पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, आपला मराठी श्रावण पंधरा दिवसांनी. त्यांची बायको खंडव्याकडची, त्यामुळे त्यांच्या घरी सावन. आमच्याकडे श्रावण. एकाचं बंद असताना दुसऱ्यानं मासे कसे धरायचे? म्हणून दोघांचंही दीड महिना बंद.

"चला, एवढे दिवस तरी रविवारी घरी असतील," असं मला वाटलं होतं. पण पक्कड वाजलीच.

"अहो भाऊ, श्रावण आहे ना?" मी खिडकीतून विचारलं.

"हाव ना वहिनी. म्हणून तर गळ काढून ठेवला." त्यांनी काठी पुढे करून दाखवली. दोऱ्याच्या टोकाला काहीच नव्हतं. "नुसत्या दोऱ्याला कणकेची गोळी चिकटवायची. मासे खाऊन जातात बिचारे. त्यांचाही सण होतो."

"मग जायचं कशाला?"

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी त्यांच्याकडे. आणि दोघं हसले. तोवर मला वाटत होतं की माझं भांडण माशांशी आहे.

तेव्हापासून मी त्या माणसावर जळायला लागले, आणि ते अगदी मन लावून. ते वाईट असते तर सोपं होतं. पण आमची पाण्याची मोटार बिघडली की जेवण टाकून येत, आणि पान्यानं नट सोडवत म्हणत, "तुम्हाला तर माहीतच असेल, वहिनी, साहेबांना लहानपणी बासरी शिकायची होती. वडिलांनी मोडून चुलीत टाकली."

"हो, माहीत आहे," मी म्हणे. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत बसे. इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारी झोपत होते. बासरी त्या तळ्याला माहीत होती, बाभळीला माहीत होती.

हे आजारी पडले तेव्हा ते एकटे जात, पण काठ्या दोन नेत. ह्यांच्या काठीला लागलेला मासा वेगळ्या पिशवीत येई. "हा साहेबांचा." मी तो रांधे, ह्यांना दोन घास जात, आणि डोळ्यांत जी चमक येई ती मला माझ्या हातच्या चवीमुळे आली असं वाटून घ्यावं लागे.

हे श्रावणातच गेले.

दिवस झाले, माणसं पांगली. मग एका रविवारी खिडकीतून पाहते तर ते लूनावर निघालेले, आणि मागे बांधलेल्या काठ्या दोन. पुढच्या रविवारीही दोन. ह्यांची काठी त्यांच्या दुकानातच असायची, ती तिथेच राहून गेली होती. आता ती कोण धरतं? नवा जोडीदार मिळाला वाटतं. आपल्या नवऱ्याच्या वस्तूला परका हात लागतोय या विचारानं मला आठवडाभर वाचता आलं नाही. ती काठी मला घरी हवी होती. तळ्यावरच्या ह्यांच्यातलं माझ्या वाट्याला येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

थंडीचे दिवस होते. रिक्षा करून मी सरळ तळ्यावर गेले. ते एकटेच बसले होते. शेजारच्या दगडावर कोणी नव्हतं. पुढच्या बेचक्यावर ह्यांची काठी, पाण्यावर ह्यांची काडी.

"या वहिनी," जणू वाट पाहत असल्यासारखे ते म्हणाले.

मी मोकळ्या दगडाकडे वळले तर घाईनं म्हणाले, "तिथं नका. ओलं आहे."

दगड खडखडीत कोरडा होता. त्यांनी स्वतःच्या दगडावरून उठून रुमालानं तो पुसला. "इथं बसा."

"मी काठी न्यायला आलेय, भाऊ."

ह्यांची काठी उचलून त्यांनी दोरा हळूहळू ओढून घेतला. टोकाला गळ नव्हता. कणीक विरघळून गेलेली.

"याचा गळ कुठाय?" माझा आवाज चढला होता. तोसुद्धा त्यांनी ठेवून घेतला असं मला वाटलं.

"साहेब श्रावणात गेले ना, वहिनी," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "तेव्हा काढलेला. परत लावायचा तर त्यांना विचारून लावायचा. आता कोणाला विचारू?"

मी तेराव्यापर्यंतचं सगळं रीतीनं केलं होतं. हारातला फोटो, दिवा, ब्राह्मण. यातलं काहीच मला सुचलं नव्हतं. रडूही त्यांच्याआधी मलाच यायला हवं होतं, तेही त्यांनाच आलं. मी काठी तिथेच ठेवून परत आले. रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या हुआ भाभी, मछली नहीं मिली?"

त्यानंतरही ते दुकानातून हाक मारत, काहीबाही सांगत. मी ऐकून घेई, "माहीत आहे" म्हणणं मात्र मी सोडलं. त्यांना ते कळलं असावं. ते आता सावकाश सांगत, पदरात घ्यायला वेळ द्यावा तसं.

या उन्हाळ्यात, तळं पार आटलेलं असताना, ते दुकानातच खुर्चीवर गेले. मांडीवर अर्धी गुंडाळलेली मोटार होती म्हणतात. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

मी भेटायला गेले तर त्यांच्या बायकोनं कोपऱ्यातल्या दोन्ही काठ्या माझ्या हातात दिल्या. "ले जाओ दीदी. तुमचे साहेब होते तोवर आमचे हे घरात होतेच कधी? नंतर पण त्यांच्याच संगे." गल्लीच्या दोन टोकांना आम्ही दोघी एकाच गोष्टीवर जळत होतो, आणि एकमेकींच्या घरी नुसतं विरजण मागायला जात होतो.

परवा, श्रावणातल्या रविवारी, मी काठ्या घेऊन तळ्यावर गेले. पाणी दगडांपर्यंत आलं होतं. दोन्ही दोऱ्यांना कणीक लावली, काठ्या बेचक्यांवर टेकवल्या. मग बसायचं कुठे ते कळेना. ह्यांच्या दगडावर आता मला कोणी अडवणार नव्हतं, पण पाय उचलेना. दोन दगडांमध्ये बसावं तर तिथे तिसऱ्या माणसाला जागाच नव्हती. शेवटी मी जरा मागे, बाभळीच्या बुंध्याशी टेकले. समोर दोघांच्या पाठी असाव्यात तशी मोकळी जागा होती.

बऱ्याच वेळानं मोरपिसाच्या दोन्ही काड्या एकदम हलल्या. आधी एक, लगेच दुसरी, मग दोन्ही मिळून थरथरल्या आणि पुन्हा निवांत झाल्या. काहीतरी बोलणं झालं असावं. मला ते ऐकू आलं नाही, आणि आता "तुम्हाला तर माहीतच असेल, वहिनी," म्हणून ते मला सांगणारंही कोणी नव्हतं.