दवातली करडई आणि दोन लेन्स

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला कधीच वाटले नाही. म्हणून वाचकांची आधीच क्षमा मागते. पुण्याच्या एका शाळेत मी आयुष्यभर मुलींना संस्कृत शिकवले. कॅमेरा हाती धरला तो निवृत्तीनंतर, आणि तोही केवळ फुलांसाठी. माणसाला "जरा थांबा, तुमचा फोटो काढू का?" असे विचारणे मला जमत नाही. फुलांना विचारावे लागत नाही. अशा नवशिकीने सोलापूरकडच्या अणदूर गावातल्या तीन दिवसांविषयी काही लिहावे हे धाडसच आहे.

दुष्काळाच्या वर्षीही करडई फुलते आणि तिचा रंग पाहण्यासारखा असतो, असे शाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितले होते. तिचे बंधू दत्तोबा अणदूरच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. उतरायची सोय त्यांच्याकडे होती. फेब्रुवारी संपत आला असताना मी सोलापूरला पोहोचले आणि आधी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेले. जुन्या लेन्स ते पारखून देतात, असे ऐकले होते.

त्यांनी मलमलीत गुंडाळलेल्या दोन लेन्स पुढे ठेवल्या. एक लांबट, एकशे पस्तीस मिलिमीटरची. बांधावर उभे राहून आतले फूल जवळ आणणारी. दुसरी आखूड, जड, मोठ्या तोंडाची पन्नासची. "ही फास्ट," ते म्हणाले. "अंधूक उजेडातही काम देते. पूर्ण उघडलीत तर एक पाकळी तेवढी स्पष्ट, बाकीचं सगळं लोण्यासारखं वितळतं. पण फुलाच्या दीड फुटावर जावं लागेल. दोन्ही घेऊन जा. परत येताना जी नको असेल ती माझी मला द्या."

मी मान डोलावली. मनातून मात्र लांबट लेन्स केव्हाच निवडली होती. लांब राहणे हा माझा स्वभावच आहे.

एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही बाजूंनी करपलेली ज्वारी दिसत होती. रस्त्याकडेला दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. एकीने मान वर करून बसकडे पाहिले. मी उगाचच नजर वळवली. अणदूरला दत्तोबा स्टँडवर उभे होते. त्यांच्या घरी भाकरी, येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची) आमटी आणि वर करडईच्या तेलाची धार असे जेवण झाले. सोसायटीत दुधाचे कॅन ओळीने उपडे घातले होते. "निम्मे रिकामेच असतात हल्ली," दत्तोबा म्हणाले. "करडईचं मूळ खोल जातं, म्हणून ती तेवढी टिकलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गावातल्या गयाबाई नावाच्या शेतकरीणबाईंचे वावर (शेत) दाखवले आणि ते सोसायटीत परतले. वरच्या अंगाला पीक वाळून काढणीला आले होते; खाली ओढ्याच्या ओलीवर उशिरा पेरलेला पट्टा अजून फुलात होता. पिवळी फुले, केशरी फुले, आणि कोमेजता कोमेजता लाल होणारी. बांधावरून मी लांबट लेन्सने दहाबारा फोटो घेतले. एकही फूल चुकीचे नव्हते. पण कॅमेऱ्याच्या झरोक्यातून पाहताना सारखे वाटत होते, की हे वर्गातल्या तक्त्यावरचे फूल आहे. नाव लिहायचे तेवढे बाकी आहे.

म्हणून आखूड लेन्स लावली आणि चार पावले आत टाकली. पाचवे टाकता येईना. पदर एका झाडाने धरला, निऱ्या दुसऱ्याने; सोडवायला हात घातला तर बोटातून रक्त आले.

"अगं शांते, पळ! करडईनं पावनी धरली बघ!"

बाभळीच्या सावलीतून गयाबाई आणि त्यांची सून शांता हसत आल्या. गयाबाई साठीच्या, काटक. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"अवो बाई, दुपारचं करडईत कोन शिरतंय व्हय?" एकेक काटा सोडवत त्या म्हणाल्या. "शिकलेल्या दिसता की!"

"संस्कृत शिकले," मी कसेबसे म्हटले.

"मग करडईला संस्कृत येत न्हाय," शांता म्हणाली, आणि मीही हसले.

"दिस उगवायच्या आत या," गयाबाई म्हणाल्या. "दवानं काटा मऊ पडतोय. आमी काढणी तवाच करतो. ऊन चढलं की ही कुनाची न्हाय."

"मी बांधावरूनच काढते. तुम्हाला त्रास नको."

"लांबून काय दिसतंय? लांबून समदं सोन्यावानी. जवळून बघा, पानावरची मावा-कीड बी दिसंल."

तिसऱ्या पहाटे मी त्यांच्या मागोमाग गेले. काटे खरोखरच ओल्या दोऱ्यासारखे वाकत होते. बायका विळ्याने झाडे कापत होत्या. मी फुलांच्या पट्ट्यात शिरले, सवयीने लांबट लेन्स लावली. झरोक्यात नुसती काळोखी. त्या उजेडात तिचा उपयोग नव्हता, आणि काटे कडक झाल्यावर माझा नव्हता. मोठ्या तोंडाची लेन्स लावली तेव्हा जणू कुणी खिडकी उघडली. एका पाकळीच्या टोकावर दव, त्यामागे सारे वितळलेले. आणि त्या वितळलेल्यात एक जांभळा डाग हलत होता. ते गयाबाईंचे लुगडे.

फूल एकटेच घ्यायचे तर दोन पावले सरकले असते तरी पुरे होते. पण तो डाग मला हवा होता. 

"गयाबाई, फुलाच्या मागे तुम्ही दिसताय. फोटो काढू का?"

"माझा नगं. दात न्हाईत."

"फुलाचाच आहे. तुम्ही ओळखू येणार नाही. नुसता रंग येईल."

त्यांनी विळा थांबवून क्षणभर माझ्याकडे पाहिले. "मग घ्या की. फुलाला तरी कुटं दात असत्यात!" आणि पुन्हा कापू लागल्या. थोड्याच वेळात ऊन आले, काटा ताठ झाला आणि आम्ही सगळ्या बाहेर पडलो.

सोलापूरला मी लांबट लेन्स परत केली.  माझ्या बोटांवरचे ओरखडे पाहून ते गृहस्थ हसले.

पुण्यात फोटो धुऊन आल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, "फूल सुरेख, पण मागे कसला डाग आहे?" मी एक प्रत अणदूरला पाठवली. उत्तर आले ते दत्तोबांच्या वळणदार अक्षरात, पण शब्द गयाबाईंचे: "फूल चांगलं आलंय. तुमी म्हनला वळखू येनार न्हाय. शांतेनं लगीच वळखलं. म्या बी वळखलं. वाकून कापायची माझी रीतच हाय ती."

तो फोटो माझ्या टेबलावर आहे. येणारा प्रत्येक जण फुलाकडे पाहतो, आणि मी मागे पाहते. तुमच्या घरी असा एखादा फोटो आहे का, ज्यातले माणूस फक्त तुम्हालाच ओळखू येते?