चौदा लिवा

निजामपुऱ्याच्या त्या गल्लीत कुणाची मुलगी शहाणी झाली, म्हणजे तिला पहिली पाळी आली, की पहिला निरोप जानकीबाईला जायचा. आता ह्यात शहाणपण कसलं ते विचारू नये. कालपर्यंत लंगडी घालणारी पोर कोपऱ्यात बसवायची, शाळा बंद करायची, आणि याला म्हणायचं शहाणी झाली! जानकीबाई यायची, पदर खोचून डिंकाचे लाडू वळायची आणि निघताना पोरीच्या आईच्या कानाशी लागायची, "कोनी इचारलं तं चौदा सांग." गल्लीत लग्न होऊन आलेल्या सुनांनाही ती हेच पढवायची.

चौदा हा आकडा जानकीबाईचा. त्यामागे तिची स्वतःचीच भानगड होती.

खाडीकाठच्या माहेरगावी, नऊ वर्षांची असताना, चिखलात निवट्या मासे पकडता पकडता तिला पाळी आली. आईने, बायजाबाईने, तिला ओढतच घरात नेलं. एवढ्याशा पोरीला न्हाण आलं म्हणजे पोरीतच काहीतरी खोट असणार असं गाव म्हणणार, मग स्थळ कोण आणणार? बायजाबाईने गुपचिळी धरली. पोरीची खाडी बंद, धावणं बंद, आणि अंगातलं रक्त जातंय ते भरून यायला हवं म्हणून दोन वेळा गूळ, खोबरं, तूप. अशी पाच वर्षं गेली. मग एका सकाळी बायजाबाईने गावात साखर वाटली, "जानकी शहाणी झाली!" बायकांनी गाणी म्हटली, ओटी भरली. मखरात बसलेल्या जानकीला हसू आवरेना. पाच वर्षांचं जुनं शहाणपण आज नवं कोरं म्हणून मिरवत होतं. तोवर ती चांगली गुबगुबीत झाली होती. सासरचे बघायला आले ते खूश होऊन गेले. खात्यापित्या घरची पोर मिळाली म्हणाले.

त्या खात्यापित्या देहात एकोणचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. जानकीबाईने सगळं खापर चहावर फोडलं आणि चहा बिनसाखरेचा केला. लाडू मात्र औषधी, म्हणून ते चालूच राहिले.

चौऱ्याण्णव साली तिची नात दर्शना साडेनऊ वर्षांची होती. यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांच्या त्या गल्लीत तिच्याइतकं जोरात पळणारं कुणी नव्हतं. शाळेच्या खो-खोच्या संघात ती सगळ्यांत लहान, आणि शनिवारी पडघ्याला सामना. सोमवारी दर्शना शहाणी झाली. सून चंद्रा घाबरून सासूकडे आली, आणि सासूने नेहमीचा हुकूम सोडला, "शाला बंद. लाडू मी वलते. चौदा वर्सांची होईतवर तोंडातून शब्द काढू नको."

दर्शना रडली नाही. खिडकीत बसून समोरच्या गल्लीत पळणाऱ्या पोरी नुसती बघत राहिली. खाडीचा चिखल, हातातून निसटणारी निवटी, सगळं जानकीबाईला आठवलं आणि अतोनात वाईट वाटलं. पण गल्लीला धडे देणाऱ्या बाईने आपल्याच घरी माघार घ्यायची कशी? तिने लाडू वळले.

शुक्रवारी सकाळी गल्लीच्या टोकाच्या शाळेत बायकांची साखरेची, म्हणजे मधुमेहाची, तपासणी ठेवली होती. मुंबईहून एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती. बोटातून रक्त घ्यायची, वजन करायची आणि शेवटी विचारायची, "पहिली पाळी कितव्या वर्षी?" पाळी म्हटलं की बायका माना खाली घालायच्या, म्हणून शेजारची नर्स उलगडून सांगायची, "शहाण्या कधी झाल्या?" मग चटकन उत्तर यायचं, "चौदा." पुढची, "चौदा." जानकीबाईच्या पुढे रांगेत तिची शेजारीण रुकय्या होती, लूमवाल्या गुलाम हुसेनची बायको. तीही म्हणाली चौदा.

जानकीबाईची पाळी आली. "चौदा लिवा," ती ऐटीत म्हणाली.

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "आजी, एकवीस बायका झाल्या. एकवीसही चौदाव्या वर्षी! घड्याळ लावून बसला होता का?"

बायका फिसकन हसल्या. जानकीबाई हसली नाही. "पन ह्ये इचारताव कशाला?"

"ज्यांना पाळी फार लवकर येते, त्यांच्यात पुढे साखर जास्त दिसते असं वाटतंय. खरं काय ते बघायचंय. पण तुम्ही सगळ्या चौदाच्या, मग मी काय बघू?"

"आनि कोनाला नवव्या वर्सी आली तं?"

"तर साखर होणारच असं नाही. पण त्या पोरीला आत्तापासून जपायचं."

"जपतोच की! घराभायेर सोडत न्हाय, तूप-गूळ देतो."

"अहो, हे जपणं नाही, कोंडणं झालं. तिला पळू द्या, खेळू द्या. आणि गोड जरा बेतानं."

जानकीबाईच्या मागे अख्खी गल्ली कान टवकारून उभी होती. चाळीस वर्षं सांभाळलेलं खोटं असं चारचौघींत सोडायचं म्हणजे लुगडं सोडल्यासारखंच. पण डोळ्यांपुढून ती खिडकी हलेना.

"खोडा त्ये," ती म्हणाली. "नऊ लिवा. मी नवव्या वर्सी शानी झाली."

मग रुकय्या वळली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "तोबा! जानकीबाय, मग मला चौदा सांगायला कशाला लावलंस? बाई, माझं अकरा करा." तिच्या मागून दुसरी आली, तिचं दहा झालं. मघाशी निघून गेलेल्याही परत फिरल्या. डॉक्टरीणबाईचे कागद खाडाखोडीने काळे झाले, आणि तिचा चेहरा मात्र खुलला.

घरी चंद्रा पोरीला लाडू भरवत होती. जानकीबाईने तिच्या हातातली ताटली काढून घेतली.

"उद्या पोर पडघ्याला जाईल."

"अवो आई, तुमीच तं बोलल्या..."

"मी चाळीस वर्सं खोटं बोलली. एक दिस खरं बोलू दे."

दर्शना खिडकीतून उडी मारूनच उतरली. दारापर्यंत पळत गेली आणि परत आली. "आजी, मी शहाणी झाली असं आई बोलते. तू कधी झाली शहाणी?"

जानकीबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मी? मगाशी. साडेअकराला."