मागणाऱ्याची सुट्टी

भाचीच्या बारशाला बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि देणगीदारांना म्हणायचं वाक्य सवयीने माझ्या तोंडून निघालं, "आपल्यासारख्यांच्या मदतीवरच आमची संस्था चालते!" सगळे हसले. बाळाने मात्र तोंडभर जांभई दिली आणि कुणाचीही परवानगी न घेता ते झोपून गेलं. मी बघतच राहिलो. देणग्यांसाठी अनोळखी दारात हात पसरताना मला कधी संकोच वाटला नाही. पण डॉक्टरांनी दोनदा बजावूनही स्वतःसाठी विश्रांती मागायला जीभ रेटत नव्हती. तिथूनच आमच्या अध्यक्षबाईंना फोन लावला, दोन दिवस सुट्टी मागितली.

"घ्या हो! कधी मागताय याचीच वाट बघत होते मी."

खांद्यावरचं पोतं उतरल्यासारखं वाटलं. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "इतकी वर्षं लोकांकडे मागताय, आणि स्वतःसाठी मागून मागून मागितले ते दोनच दिवस?"