तीन नंबरची खाट

बाळंतिणीला खाटेवर निजवायच्या आधी ती मान वर करून छताकडे पाहायची. कळा देणारी बाई दाराशी वाकून उभी असो की सिस्टर ओरडत असो, तिचं ते पाहणं चुकायचं नाही. पाहून झालं की म्हणायची, "आधी वरतं पाह्य, मंग खाली निज." नवीन माणसाला वाटायचं, देवाचं नाव घेत असेल.

ती आमच्या सरकारी दवाखान्यात आया होती आणि मी तिथला बाबू. दवाखाना सौंसर तहसिलीतला, जिथे बोली मराठी आणि सरकारी कागद हिंदीत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तरी लाज वाटेल असं तिथे कोणी उरलेलं नाही. सगळे तिला मावशी म्हणत. उंच, काटक बाई. डोक्यावर काही नसतानाही ओझं असल्यासारखी ताठ चालायची.

बाळंतिणींच्या खोलीत सहा खाटा होत्या, पण कोपऱ्यातली तीन नंबरची कायम व्हरांड्यात असायची. सिस्टरनं ती आत आणवली की तासाभरात मावशी पुन्हा बाहेर ओढून न्यायची. खाटेच्या मोकळ्या जागेवर एकदा डॉक्टरसाहेब खुर्ची टाकून बसले, तर ही खुर्चीसकट त्यांना सरकवायला निघाली. साहेब उठले, आणि पुन्हा कधी तिथे बसले नाहीत. म्हातारीचं डोकं फिरलंय, असंच आम्ही धरून चाललो होतो.

एका दुपारी मी तिला कारण विचारलं. तिनं सांगितलं ते असं. वीस-बावीस वर्षांपूर्वी ही इमारत उठली तेव्हा ती इथेच रेजा होती, म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढणारी मजूर बाई. स्लॅब ओतून झाला की ठेकेदार सगळ्यांना जेवू घालतो, ही आमच्याकडची रीत. पण जेवण काम उरकल्यावर असतं. त्या दिवशी छिंदवाड्याहून मोठे साहेब आले होते आणि त्यांना लवकर परतायचं होतं. म्हणून अर्धा स्लॅब बाकी असतानाच, भर दुपारी पंगत बसली. मुकादम वाढायला, मिस्त्री आग्रह करायला. कालवलेला सिमेंट-गिट्टीचा माल तसाच उन्हात पडून राहिला. साहेबांची पानसुपारी होईपर्यंत तो घट्ट होऊन बसला होता. तो फेकून द्यायला हवा होता. मुकादमानं त्यावर बादल्या ओतल्या, फावड्यानं तोडून पुन्हा कालवला आणि रेजांच्या डोक्यावर दिला.

"थो सारा माल याच कोपऱ्यात गेला, बाबू. घमेलं उचललं तवाच मले समजलं, माल मेला होता म्हणून."

मग तेव्हाच बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"जेवली होती ना मी बी," ती म्हणाली. "खाल्ल्यावर तोंड उघडत नाही."

रेजांची पंगत कुंपणाच्या पलीकडे बसवली होती आणि साहेब उठल्यावर उरलंसुरलं त्यांच्या पत्रावळींवर पडलं होतं, हे मला नंतर दुसऱ्या एकीकडून कळलं. मावशी त्याबद्दल कधी बोलली नाही. खाल्लं ते खाल्लं, असं तिचं म्हणणं.

अशी छतं तुम्हीही पाहिली असतील. आधी पिवळट ओल येते, मग फुगवटा, मग एक दिवस पापुद्रा सुटून आतल्या गंजलेल्या सळया दिसू लागतात. आमच्या कोपऱ्यात हे सगळं यथासांग झालं. वर पत्र गेलं. इंजिनियर जीपमधून आला, दारातूनच वर पाहिलं, नुसतं प्लास्टर सुटलंय म्हणाला आणि संत्र्यांची टोपली घेऊन गेला. दिवाळीआधी सळयांवरून सिमेंट थापलं, सिमेंटवरून चुना मारला. झालं छत नवं.

पुढे जिल्ह्याच्या साहेबांची तपासणी निघाली. खाटा ओळीत हव्यात, असा हुकूम आला आणि तीन नंबरची आत आली. ती रिकामी दिसू नये म्हणून सिस्टरनं एका बाळंतिणीला तिच्यावर निजायला सांगितलं. मावशीनं त्या बाईला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतःच खाटेवर जाऊन बसली. साहेबांनी विचारलं, ही कोण?

"मी बसतो इथं," मावशी म्हणाली. "पडलं तं माह्यावर पडू द्या."

साहेब हसले. साहेब हसले म्हणून डॉक्टर हसले, सिस्टर हसली आणि मीही दात काढले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

तिची नोकरी संपली आणि ती रामाकोन्याला लेकीकडे राहायला गेली, तेव्हा सिस्टर म्हणाली, सुंठीवाचून खोकला गेला. जाताना मावशी माझ्या टेबलाशी आली. "खाट बाहेर ठेवजो, बाबू," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. काही महिने ठेवलीही. मग पावसाळ्यात व्हरांड्यात पाणी येऊ लागलं आणि खाट आत गेली. कोणी नेली, ते मी विचारलं नाही.

श्रावणात एका सकाळी तो कोपरा खाली आला. तीन नंबरवर मोहगावची एक बाई होती, दोन दिवसांची बाळंतीण. बाळाला सासूनं न्हाऊ घालायला नेलं होतं, म्हणून ते वाचलं. बाई वाचली नाही. धूळ बसल्यावर मी आत गेलो आणि छताचा एक तुकडा उचलला. तो शिळ्या भाकरीसारखा मुठीत चुरला.

चौकशी बसली. ठेकेदारानं तोवर पांढुर्ण्यात दुमजली घर बांधलं होतं, त्याचा स्लॅब चांगला असणार. त्याला आमच्या इमारतीचं काही आठवत नव्हतं. मोठे साहेब निवृत्त झाले होते, त्यांनाही आठवत नव्हतं. इंजिनियरनं पावसाला दोष दिला. डॉक्टर म्हणाले, आम्ही वेळेवर पत्र दिलं होतं. ते पत्र मीच लिहिलं होतं. 'छत कभी भी गिर सकती है' असं लिहून नेलं, तेव्हा याच डॉक्टरांनी ते खोडून 'छत मरम्मत योग्य है' असं करायला लावलं. मी मुकाट्यानं नवा कागद घेतला होता. आता सगळ्यांनी कानावर हात ठेवले, आणि त्या गर्दीत माझेही दोन हात होते.

आठवत होतं ते फक्त मावशीला. चौकशीच्या साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून तिचं बयान हिंदीत उतरवायला मला बसवलं. ती रामाकोन्याहून बसनं आली. खोलीत शिरल्यावर आधी वर पाहिलं, मग खाली बसली. पंगत, बादल्या, फावडं, घमेलं, सगळं तिनं सांगितलं. माल खराब आहे हे माहीत होतं तर वाहिला कशाला, असं साहेबांनी विचारलं. मी तिला ते मराठीत सांगितलं.

"थे माह्यी चूक झाली," ती म्हणाली.

'यह मेरी गलती थी,' मी लिहिलं. इतकी वर्षं सरकारी कागद लिहिणाऱ्या माणसाला असं वाक्य पुढे कुठे जातं ते कळतं. मावशी, एवढं राहू दे, असं मी हळूच म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

अंगठा घ्यायला मी तिचा हात धरला. घमेली आणि बादल्या उचलून तो राठ झाला होता. शाई लावू लागलो तेव्हा तिनं विचारलं, "बाकीच्यायनं काय सांगतलं, बाबू?"

मी म्हटलं, त्या दिवसाचं कोणाला काही आठवत नाही म्हणतात.

तिला ते खरंच वाटेना.

"बुंदी होती पंगतीत," ती म्हणाली. "थे बी आठवत नाही कोनाले?"

पुढे अहवाल आला. छत पडण्याचं कारण, निर्माण के समय मजदूरों की लापरवाही. पुरावा म्हणून एका रेजाचं बयान. मावशी त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली. बातमी कळली, पण मी रामाकोन्याला गेलो नाही. तिच्या लेकीला कोणतं तोंड दाखवणार होतो?

अहवालाची एक प्रत माझ्याजवळ आहे. त्यात ठेकेदाराचं नाव नाही, साहेबांचं नाही, इंजिनियरचं नाही, डॉक्टरांचं नाही आणि माझंही नाही. एकच नाव आहे, आणि त्याच्यापुढचा अंगठा मी माझ्या हातानं दाबलेला आहे.