विहिरीत सोडलेले दोन दिवे

ती विहीर माझ्या डोळ्यांपुढून अजून हटलेली नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी यवतमाळ जिल्ह्यात, नेरच्या बाजूला ठाणेदार होतो. खून, दरोडे बरेच उघडकीस आणले, बक्षिसंही मिळाली. पण कुणी एखादा गुन्हा सांगा म्हटलं, की माझ्या तोंडी पाण्याच्या मोटरीचाच येतो. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची हजेरी चालू असताना एक शेतकरी ठाण्यात आला. विहिरीत सोडलेली पाणबुडी मोटर चोरीला गेली, अशी त्याची फिर्याद होती. संशय कुणावर, असं विचारलं तर त्यानं श्वासही न घेता आपल्या सालदाराचं नाव सांगितलं. सालदार म्हणजे गुढीपाडव्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. हा चौदा वर्षं त्यांच्याकडेच होता.

गुन्हा दाखल झाला आणि दुपारी आमच्या बसस्टँडवरच्या चहावाल्यानं खबर आणली. तो आमचा जुना खबऱ्या. म्हणाला, "साहेब, काल दुपारी तो गडी जड पोतं घेऊन नेरच्या गाडीत चढला. मोटर भंगारात गेली समजा."

फिर्याद सकाळी, खबर दुपारी. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मुद्देमाल हाती येईल. इतकं सरळ काही घडलं की पोलिसानं सावध व्हायला पाहिजे. मी झालो नाही.

सालदाराला चौकशीला बोलावलं. माणूस पन्नाशीचा, उन्हानं रापलेला. मान खाली घालून उभा राहिला तो राहिलाच. मी टेबलापलीकडून एकामागून एक प्रश्न फेकले. अरे-तुरेनंच बोलत होतो, आवाजही चढवला होता. पोत्यात काय होतं?

"ज्वारी होती, साहेब. बहिनीले द्याले गेलतो."

"चाळीस किलोची मोटर गायब होते त्याच दिवशी तुला बहीण बरी आठवली!"

गप्प बसणारा म्हणजे गुन्हेगार, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं. तीन दिवस त्याला सकाळी बोलवायचं आणि दिवसभर व्हरांड्यात बसवून ठेवायचं, असं चाललं. गावात बोभाटा झाला. चौथ्या दिवशी त्याची बायको ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. ती रडली नाही, भांडली नाही.

"साहेब, चोराले सालानं कोन ठेवते?" एवढंच म्हणाली. "पाडव्याले आमी कोनाच्या दारात जाव?"

त्या बाईच्या बोलण्यानं मी हललो. मी सालदाराला आत घेतलं, पहिल्यांदाच खुर्चीत बसायला सांगितलं आणि म्हटलं, तुझ्या मनात काय आहे ते तूच सांग. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत बसला. मग म्हणाला, "मोटर नेनारा वायर काहून ठेवीन, साहेब? तांबं तं वायरातच असते. तो तं काठावरच पडून राह्यला."

आमच्या भागात मोटर नेणारा चोर आधी वायर गुंडाळतो, मग मोटरीला हात घालतो. चौदा वर्षं शेतात राबणाऱ्याला हे कळलं आणि तीस वर्षं नोकरी केलेल्या मला कळलं नाही. मी ठाण्याच्या जमादारांना घेऊन परत विहिरीवर गेलो. वायरचं टोक पाहिलं. पक्कडीनं कापलेलं नव्हतं, हिसका बसून जोड निखळला होता. मोटर कुणी नेलीच नव्हती, ती खाली पडली होती.

पण तसं म्हटलं की मालक उसळायचे. "आमी पाह्यलं ना साहेब! माह्या पोरानं दोन तास गळ फिरवला."

ते खरं होतं. विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ घेऊन मालकाचा पंचविशीतला मुलगा पहिल्या दिवशी स्वतःच पुढे झाला होता. जमादारांनी आता पुन्हा गळ टाकला. पावसाळ्यात कुंपणाच्या काटेरी फांद्या वाहून आत पडल्या होत्या, त्यात तो असा अडकला की दोर तुटून गळही तळाला गेला. धरणावर मासे धरणारा एक पट्टीचा पोहणारा बोलावला. दोनदा बुडी मारून तो वर आला आणि म्हणाला, खाली स्वतःचा हात दिसत नाही, काट्यात पाय गुंतला तर संपलो. मी त्याला तिसऱ्यांदा जाऊ दिलं नाही. पाणी तीस फुटांच्या वर होतं आणि झरे जिवंत होते. उपसायला मोटर हवी, आणि मोटर तर खालीच.

मग आमच्या एका शिपायाला सुचलं की कॅमेराच आत सोडावा. तालुक्याच्या गावात एक ताई फोटो स्टुडिओ चालवतात. लग्नांत घोड्याला, ट्रॅक्टरला बांधतात तो काडेपेटीपेक्षा जरा मोठा अ‍ॅक्शन कॅमेरा त्यांच्याकडे होता. पाण्यात चालणाऱ्या त्याच्या डबीसह त्यांनी तो दिला, पण त्यांच्या घरचंच एक लग्न असल्यानं त्या स्वतः येऊ शकल्या नाहीत. आम्ही म्हटलं, त्यात काय एवढं!

काय एवढं ते दिवसभरात कळलं. आधी आमची गस्तीची मोठी बत्ती काठावरून मारली. पाण्यात आमचीच तोंडं दिसली. भर दुपारी आरशानं कवडसा पाडला, तेव्हा आठ-दहा फूट हिरवं पाणी उजळलं आणि पुढे काळोख. मग शिपायानं सगळ्यांत जास्त उजेडाची म्हणून घेतलेली बॅटरी कॅमेऱ्याखाली चिकटपट्टीनं घट्ट बांधली आणि दोन्ही मिळून तुकडे जोडून लांब केलेल्या प्लास्टिकच्या पाइपाच्या टोकाला लावून आत सोडलं. पाण्याखालून मोबाईलवर चित्र येत नाही. चित्रण करायचं, वर ओढायचं, मग पाहायचं. पाहिलं तर सगळं पांढरंफटक. पिंजलेल्या कापसाच्या खोलीत कॅमेरा ठेवावा तसं. दुसऱ्या खेपेला वीस फुटांवर बॅटरीच विझली. तिच्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं होतं. पावसात भिजली तर चालेल, एवढाच त्याचा अर्थ निघाला.

मालकाचा मुलगा म्हणाला, "पाहा साहेब, काईच नाई खाली."

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः ठाण्यात आल्या. चित्रण पाहून हसूच लागल्या.

"साहेब, तुमी धुक्यात गाडीचा मोठा लाईट लावता काय?"

"नाही. पांढरी भिंत उभी राहते समोर."

"मंग पान्यात कायले लावला? गाळाचा कन न् कन चमकून राह्यला ना! वरातीत धूळ उडते तवा म्या फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवतच नाई, बाजूले धरते."

मग त्यांनी दिवे कसे निवडायचे ते मला शिकवलं. पोलिसाला शिकवणारे कमी भेटतात, म्हणून मी वहीत लिहून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की उजेडाचा आकडा शेवटी पाहायचा. आधी दिवा किती फूट खोलीपर्यंत टिकतो ते पाहायचं, आणि आपल्या पाण्याच्या दुप्पट खोलीचा घ्यायचा. उजेड टोकदार नको, पसरट हवा, कारण हा कॅमेरा खूप रुंद पाहतो. टोकदार झोतानं मधोमध एक पांढरा गोल पडतो आणि बाकी अंधारच राहतो. स्वस्त दिव्यांची न दिसणारी लुकलुक चित्रात पट्टे उमटवते, तेव्हा घेण्याआधी त्या दिव्यात चित्रण करून पाहायचं. उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे आणि बॅटरी पूर्ण उजेडावर तासभर तरी टिकली पाहिजे. आणि एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यायचे.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एकानं सावली पडते. सावलीत काय हाय ते तुमाले दिसनार नाई, अन् तुमाले नेमकं तेच पाह्याचं असते."

नागपूरहून तसे दोन दिवे मागवले. ते येईपर्यंत मी दोन कामं उरकली, जी पहिल्याच दिवशी करायची होती. नेरला शिपाई पाठवून सालदाराच्या बहिणीचा जबाब घेतला. पोतं तिच्या घरात होतं, ज्वारी अर्धी दळून झाली होती. आणि चहावाल्याला विचारलं, पोत्याची गोष्ट तुला कुणी सांगितली?

"मालकाच्या पोरानं," तो म्हणाला. "तुमी इचारलं कुठं होतं?"

दिवे आल्यावर आम्ही पंचांना घेऊन सकाळी विहिरीवर गेलो. सालदारालाही बोलावलं होतं. मालक आणि मुलगा होतेच. ताईंनी पाइपाच्या टोकाला आडवी पट्टी बांधली, मधे कॅमेरा, दोन्ही टोकांना दिवे. दिवे लेन्सपासून दीड-दीड हात दूर आणि तोंडं किंचित बाहेर वळवलेली.

"बाहेर का?"

"कॅमेऱ्यापुढचं पानी उजळाचंच नाई. उजेडाची फक्त कड त्या चीजवर पडली पायजे."

तळाला टेकू द्यायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद होती. गाळ उठला की अर्धा तास गेला. पहिल्या खेपेला फांद्या दिसल्या. दुसऱ्या खेपेला आमचा गळ. तिसऱ्या वेळी पाइप कुठे सोडायचा ते सालदारानं बोट करून दाखवलं, जिथे मोटर टांगलेली असायची त्याच्या बरोबर खाली. पहिल्या दिवशी मुलानं गळ फिरवला होता तो समोरच्या बाजूला.

मोबाईलवर चित्र लागलं आणि पंचांपैकी एकजण ओरडला, "हे पाहा मोटर!" गाळात कलंडलेली होती. वरच्या, पाइप धरणाऱ्या क्लॅम्पला एक काळी काठी अडकल्यासारखी दिसत होती. फांदी असेल, असं मी म्हटलं. ताई म्हणाल्या, "थांबा. पानी लाल रंग खाऊन टाकते. दिवे जवळ न्या." पाइपाला एक तुकडा जोडला, उजेड निम्मा केला आणि कॅमेरा मोटरीपासून हातभर अंतरावर नेला. वर ओढून पाहिलं, तर ती फांदी नव्हती. पाइप आवळायचा पाना होता आणि त्याच्या मुठीवर लालभडक चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

मालकांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. दोनदा पाहिलं. मग मुलाकडे वळून म्हणाले, "हा तं तुह्या ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना हाय." त्या पेटीची किल्ली मुलाशिवाय कुणाकडेच नसायची. आणि त्या दिवशी आपण यवतमाळला होतो, असं त्यानं जबाबात लिहून दिलेलं होतं.

मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. मुलगा विहिरीच्या काठावर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मोटर पाणी कमी फेकत होती. बाप म्हणाला होता, मिस्त्री बोलाव. याला वाटलं, आपणच करून दाखवू. सालदार नेरला गेलेला, बाप बाजाराला. दोघा मित्रांना घेऊन मोटर वर ओढली, क्लॅम्प आवळताना दोर सुटला आणि मोटर पान्यासकट खाली गेली. बापाच्या तोंडाची भीती वाटली म्हणून गप्प बसला. बापानं चोरी म्हटलं तर चोरीच म्हणाला. मग चहावाल्याला पोत्याची गोष्ट सांगितली. सालदारावर त्याचा राग नव्हता, वैरही नव्हतं. बापाच्या एका रागावण्याला भिऊन त्यानं दुसऱ्याचं आयुष्य पणाला लावलं होतं. माणसं मोठ्या लोभापायी जितकं वाईट वागतात, त्याहून जास्त अशा लहान भीतीपायी वागतात, हे मी तीस वर्षांत पाहिलेलं आहे.

चित्रणाची एक प्रत काढून मेमरी कार्ड पंचांसमक्ष सीलबंद केलं. काटेरी फांद्या दुसऱ्या गळानं बाजूला करून मोटर काढली. चोरी झालीच नव्हती, तसा अहवाल न्यायालयात पाठवला. मुलावर खोट्या माहितीबद्दल वेगळी कारवाई केली. सालदाराला ठाण्यात बोलावून सांगितलं, "तुमच्यावर काही नाही आता. तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

"साहेब, तो व्हिडिओ गावाले दाखवता काय?"

वरिष्ठांना विचारलं, ते हो म्हणाले. तपास संपल्यावर एका दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या. ताईंनी पडदा आणला. अख्खं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. हिरव्या पाण्यात दोन बाजूंनी उजेड आला, मोटर दिसली, लाल मूठ दिसली. मग मालक उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चोर माह्या घरात होता. म्या ह्याले चोर म्हनलं. चुकलं माह्यं." माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर दाटला. असं भर गावात बोलायला छाती लागते.

पाडव्याला तीन घरांतून सालदाराला बोलावणं आलं, त्यांत मालकही होते. तो दुसऱ्याकडे गेला.

त्या तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली आणि ती मी घेतली. पण सभागृहातून बाहेर पडताना सालदार माझ्याजवळ आला होता. रागात नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"साहेब, मले तुमी तीन दिवस व्हरांड्यात बसवलं. त्यातल्या एका दिवशी माह्या बहिनीले इचारलं असतं तं?"

तिचं घर ठाण्यापासून बसनं पाऊण तासावर होतं. मी हात जोडले.